कळल्याची तारीख

दापोड्याच्या पूर्वी तरेनं आयुष्यात लिहिलेलं पहिलं वादपत्र सहा पानी होतं. हरी लेले वकिलांनी त्यावर लाल पेन्सिल चालवली, तेव्हा शेवटी त्यात नावं, गट नंबर आणि दस्ताची तारीख एवढंच उरलं.

"‘दुष्ट हेतूने’," लेल्यांनी वाचलं. "हेतू तू पाहिलास?"

"नाही सर."

"मग खोड. ‘भोळ्याभाबड्या बहिणीला’. ती भोळी आहे हे कोण ठरवणार? खोड. ‘घोर अन्याय’. अन्याय हा शेवटी निघायचा असतो, पूर्वी. तू पहिल्याच परिच्छेदात काढून बसलीस."

ही २००७ सालच्या जानेवारीतली गोष्ट. पूर्वी तेव्हा ठाण्याच्या लॉ कॉलेजात पाच वर्षांच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला होती. सकाळची लेक्चरं आटोपून ती दुपारी भिवंडीला, कोर्टामागच्या लेल्यांच्या ऑफिसात यायची. खालच्या मजल्यावर लूम होते. वीज असेपर्यंत टेबलावरचा चष्मासुद्धा थरथरत सरकायचा, आणि लोडशेडिंग सुरू झालं की माणसांना एकदम आपापले आवाज मोठे वाटायचे. लेले साठीचे, तीन पिढ्यांचे भिवंडीकर. वडील शाळामास्तर होते, आणि शिकवण्याची खोड त्यांच्याकडेही आली होती. कॉलेजात पूर्वीला इंग्रजीतून कायदे पाठ करायला लावत. लेले तिला विचार करायला लावत. कागदाचे पाच भाग पाडायचे: काय घडलं, प्रश्न काय, कायदा काय म्हणतो, तो इथे कसा लागू होतो, आणि मग निष्कर्ष. एका भागातलं दुसऱ्यात सांडलं की पान परत यायचं. आठ महिन्यांत तिचं एकही पान परत न येता राहिलं नव्हतं.

हे वादपत्र मात्र अभ्यासाचं नव्हतं. ते तिच्या आत्याचं होतं, आणि प्रतिवादी होते तिचे वडील.

आत्या म्हणजे धोंडूबाई. कोन गावात दिलेली, आता विधवा. पूर्वीचे आजोबा केसरीनाथ वारले त्यानंतर, १९९८ साली, पूर्वीच्या वडिलांनी, महादूंनी, बहिणीला जीपमध्ये बसवून रजिस्ट्रार कचेरीत नेलं. "बाच्या मागं वारसांची नावं लावायची हायत. अंगठा दे," असं ते म्हणाले. तिनं दिला. येताना दोघा भावंडांनी नाक्यावर भजी खाल्ली, महादूंनी तिला लुगडं घेतलं आणि घरी सोडलं. तो कागद होता हक्कसोडपत्राचा. तेव्हा त्या जमिनीत भात पिकायचा. पुढे चारच वर्षांत तिच्यावर गोडाऊन उभी राहिली. पूर्वीचं कॉलेज, घरावरचा दुसरा मजला, दारातली गाडी, सगळं त्यातूनच आलं.

आता आत्याच्या मुलानं घर वाढवून लूमकामगारांना खोल्या भाड्यानं दिल्या होत्या आणि आईची पथारी पडवीत आणली होती. आत्यानं भावाकडे दोन गुंठे मागितले. एक खोली बांधीन म्हणाली. महादू ‘बघू’ म्हणाले आणि त्यांनी तिच्यापुढे चहा सरकवला. त्या दिवशी परत जाताना आत्या पूर्वीला म्हणाली, "तू वकिलीन होतेस ना गो? मग लिव ना माजा."

पूर्वीनं तीन दिवसांत सहा पानं लिहिली. वडिलांविरुद्ध लिहितोय याची तिला भीती वाटली नाही. नीट लिहिलं की माणसाला नीट वागावं लागतं, असा तिचा त्या वेळी पक्का समज होता.

"पुन्हा लिही," लेले म्हणाले. "आणि एक जागा कोरी सोडली आहेस. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा, तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात यावं लागतं. तिला कधी कळलं?"

"आत्ताच कळलं असेल, सर."

"‘असेल’ कोर्टात चालत नाही. विचारून ये."

रविवारी पूर्वी कोनला गेली. आत्या पडवीत सुपात जवळा निवडत बसली होती. आतून भाडेकऱ्यांच्या रेडिओवर हिंदी गाणी चालू होती. पूर्वीनं वही उघडली.

"आत्या, तो कागद हक्कसोडीचा होता हे तुला कधी कळलं?"

"कवा म्हंजे?" आत्यानं मान वर केली. "तूच न्हाय का वाचून दाखवलास?"

पूर्वीला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू आठवायला लागलं. २००१ चा डिसेंबर. ती दहावीत होती, प्रिलिमचा अभ्यास चालला होता. आत्या तलाठ्याकडून कसलासा उतारा घेऊन आली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. पूर्वीनं मोठ्यानं वाचलं होतं: "...यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्राने आपला हक्क सोडल्याने नाव कमी केले." आत्यानं विचारलं होतं, "म्हंजे काय गो?" आणि मराठीत वर्गात पहिल्या येणाऱ्या पूर्वीनं, एका अवघड शब्दाचा अर्थ आपल्याला येतो याच आनंदात, सांगून टाकलं होतं, "म्हणजे तू तुझा हिस्सा बाबांना देऊन टाकलास."

आत्यानं कागदाची घडी घातली होती, पाणी मागितलं होतं, आणि जेवायला न थांबता निघून गेली होती.

"तुझ्या बापाला मी त्याच आठवड्यात विचारला," आत्या आता सांगत होती. "बोललो, पूर्वीनं असा असा वाचून दाखवला. तो बोलला, कागद कागदाच्या जागी, समदा तुजाच हाय."

"मग पाच वर्षं गप्प का राहिलीस?"

"भावाशी भांडून जाऊ कुठं? आय गेली, बा गेला. तो येकच उंबरा हाय माला."

पूर्वीनं वहीत तारीख लिहिली नाही. पण घरी जाताना रिक्षात ती बोटांवर मोजत होती. डिसेंबर २००१. २००२, २००३, २००४. दावा दोन वर्षांपूर्वीच मेला होता, आणि त्याचं घड्याळ तिनं स्वतः, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, चालू करून दिलं होतं.

पुढचे पंधरा दिवस तिनं कॉलेजच्या लायब्ररीत काढले. दस्त मुळातच पोकळ आहे असं म्हणता येईल का? वाटणी मागता येईल का? मुलींच्या हक्काचा नवा कायदा लागू होईल का? प्रत्येक वाट थोडी पुढे जायची आणि एकाच भिंतीशी येऊन थांबायची. दस्त नोंदलेला, त्यावर दोन साक्षीदार, खाली ‘वाचून दाखविला, समजला’ असं लिहिलेलं. आणि समजा नव्हता समजला, तरी समजल्यावर ही बाई पाच वर्षं गप्प बसली, दर दिवाळीला भावाला ओवाळायला येत राहिली.

तिनं वादपत्र बाजूला ठेवलं आणि लेल्यांसाठी तीन पानांचं मत लिहिलं. पाच भाग. एकही विशेषण नाही. निष्कर्ष एका ओळीचा: दावा मुदतबाह्य आहे.

लेल्यांनी ती पानं दोनदा वाचली. पेन्सिल कानावरच राहिली.

"हे बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले. "यात मला काही करायचं नाही."

हे शब्द ऐकायला ती आठ महिने थांबली होती. ती "थँक्यू सर" म्हणाली, बाहेर जिन्यात जाऊन बसली आणि रडली. लूम चालू होते, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

परत आत आल्यावर तिनं विचारलं, "सर, तारीख २००७ ची घातली तर?"

"तर वादपत्र दाखल होईल. माझ्या सहीनं नाही होणार. तुझ्या आत्यानं दुसरीकडे जायचं ठरवलं तर मी अडवणारा कोण? पण तू त्यात पडू नकोस."

आत्याला समजावून सांगणं त्या तीन पानांपेक्षा अवघड गेलं.

"तीन वर्सं?" आत्या म्हणाली. "जमीन काय पळून गेली काय? तितंच हाय ना?"

"जमीन आहे, आत्या. मागायची वेळ गेली."

"मी मागायला आली नाय तवा कायदा कुठं होता? माला सांगायला आला काय, बाय तीनच वर्सं हायत म्हणून?"

 कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे तिला इंग्रजीत पाठ होतं. ते तिनं आत्याला सांगितलं नाही.

आत्याच्या मुलाला मात्र आता जमिनीचा वास लागला होता. तो आईला भिवंडीतल्याच दुसऱ्या एका वकिलाकडे घेऊन गेला. त्या वकिलानं दावा लावला. त्यात लिहिलं होतं की वादीला हक्कसोडपत्राची माहिती मार्च २००७ मध्ये प्रथमच झाली.

समन्स दापोड्याला आलं तेव्हा महादू जेवत होते. त्यांनी हात धुतले, कागद पूर्वीपुढे ठेवला.

"वाच."

तिनं वाचला. वडील ऐकत राहिले. तारखेपाशी त्यांनी हात वर केला.

"ही तारीख खरी हाय?"

पूर्वीनं समन्सची घडी घातली.

"तूच वाचून दाखवलास ना तिला? ती माला येऊन बोललेली. मंग कायद्यानं आता तिचा काय ऱ्हायला?"

"कायद्यानं काही नाही राहिलं."

"मंग झाला," महादू म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण मोकळेपणा होता. इतकी वर्षं पाठीवर वागवलेलं काहीतरी मुलीनं उतरवून खाली ठेवावं, तसा.

"बाबा, दोन गुंठेच मागत होती ती."

"मागत व्हती तवा दिलं असतं. आता कोर्टात गेली." एवढं बोलून ते उठले.

दावा दोन वर्षं रेंगाळला. मधल्या काळात पूर्वीचा ड्राफ्टिंगचा पेपर झाला. त्यात तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. २००९ च्या उन्हाळ्यात ती कायद्याची पदवीधर झाली. त्याच सुमारास कोर्टानं ठरवलं की मुदतीचा मुद्दा सगळ्यात आधी ऐकायचा, बाकीचं नंतर. सप्टेंबरात साक्षी लागल्या. महादूंच्या वकिलानं दिलेल्या साक्षीदारांच्या यादीत दुसरं नाव होतं पूर्वी महादू तरे.

"मी तुला खोटा बोलायला सांगत न्हाय," वडील म्हणाले. "जे घडला तेच बोल."

यातच सगळी अडचण होती. खरं वडिलांच्या बाजूला होतं. पूर्वीनं लेल्यांना विचारलं. ते म्हणाले, "समन्स आलंय. जायचं. विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. याच्यात सल्ला असा काही नसतो."

आधी आत्याची साक्ष झाली. नऊवारी नेसलेली धोंडूबाई पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. महादूंच्या वकिलानं विचारलं, "डिसेंबर २००१ मध्ये तुमच्या भाचीनं तुम्हाला उतारा वाचून दाखवला, हे खरं का?" आत्या आपल्या वकिलाकडे बघत म्हणाली, "खोटा हाय." शिकवलेलं वाक्य तिनं इतक्या घाईनं म्हटलं की टंकलेखकानं ते पुन्हा विचारून घेतलं.

मग पूर्वीचं नाव पुकारलं गेलं. तिनं शपथ घेतली. समोर बाकावर एका टोकाला वडील, दुसऱ्या टोकाला आत्या. मागे दाराशी लेले उभे होते. दुसऱ्या एका तारखेसाठी ते आले असावेत.

"डिसेंबर २००१ मध्ये तुम्ही वादीला उतारा वाचून दाखवला होता का?"

तिला त्या दुपारी काय उघडं होतं ते आठवत होतं. भूगोलाचं पुस्तक. पाण्याचा पेला आत्यानं कुठे ठेवला तेही आठवत होतं.

"आठवत नाही," पूर्वी म्हणाली.

महादूंच्या वकिलानं परवानगी मागून तिचीच, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची, उलटतपासणी केली. "हक्कसोड या शब्दाचा अर्थ तुम्ही सांगितला होता ना?" "आठवत नाही." "आपण कायद्याच्या पदवीधर आहात, हे खरं ना?" "हो." "आणि हे आठवत नाही?" "नाही."

बाहेर आल्यावर वडील गाडीत जाऊन बसले. तिच्यासाठी थांबले नाहीत. व्हरांड्यात आत्या मात्र थांबली होती. आपण तिच्यासाठी केलं, हे तिला कळलं असेल, असं पूर्वीला वाटलं. ती जवळ गेली.

"तुला खरंच आठवत न्हाय?" आत्यानं विचारलं.

आजूबाजूला पक्षकारांची गर्दी होती. दोन पावलांवर महादूंचा वकील फाईल आवरत होता. पूर्वीनं मान हलवली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माला समदा आठवतंय," आत्या म्हणाली. "मी खोटा बोललो, त्या वकिलानं शिकवला म्हणून. पन तू कनाला गो? त्या दिवशी समद्यात तूच येकली खरा बोललेलीस. बाकी कोन नाय बोलला. तलाठी नाय, महादू नाय." तिनं पिशवी काखेत मारली आणि ती मुलाच्या मागे जिना उतरून गेली.

संध्याकाळी ऑफिसात लेल्यांनी एकच विचारलं. "आठवत नव्हतं?"

"आठवत होतं, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि समोरचा कागद वाचायला घेतला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी तिला कुठलंच लिखाण दिलं नाही. ती तारखांच्या नोंदी करत राहिली.

डिसेंबरात निकाल लागला. दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला होता. पूर्वीनं नक्कल काढून घेतली आणि ऑफिसात बसून वाचली. अकरा पानं होती. न्यायाधीशांनी तिच्या साक्षीला एक परिच्छेद दिला होता: सदर साक्षीदार कायद्याची पदवीधर असून तिची उत्तरे टाळाटाळीची आहेत, ती कोणत्याही बाजूने विचारात घेतलेली नाहीत. पुढच्या परिच्छेदात तलाठी कार्यालयातून मागवलेल्या एका अर्जाचा उल्लेख होता. जानेवारी २००२ चा. धोंडूबाईनं कोणा अर्ज लिहिणाऱ्याकडून लिहून घेतला होता, ‘माझे नाव कमी का केले’ म्हणून. खाली तिचा अंगठा होता. आत्यानं त्याच्याबद्दल कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बहुधा विसरली होती. पूर्वी खरं बोलली असती काय आणि खोटं बोलली काय, निकाल तोच लागणार होता.

लेले समोर येऊन बसले. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी नीट बोलले.

"कुठे चुकलंय ते दाखव," ते म्हणाले. "सापडलं तर अपील मी चालवीन."

तिनं दोन दिवस घेतले. घटना त्यांच्या जागी होत्या, प्रश्न नेमका काढलेला होता, कायदा बरोबर लावला होता. निष्कर्ष आधीच्या ओळींतून आपसूक उतरत होता. तीन वर्षांपूर्वी तिनं लिहिलेल्या तीन पानांचीच ती जास्त नीट लिहिलेली अकरा पानं होती.

"काही नाही, सर."

"नाहीच आहे," लेले म्हणाले.

आत्याच्या मुलानं निकाल लागल्यावर आईकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. निकाल काय लागला ते तिला कोणी सांगितलंही नव्हतं. म्हणून पूर्वी नक्कल घेऊन कोनला गेली. पडवीला आता एका बाजूनं पत्रा लावला होता. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं पूर्वीला ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

"हरलो ना?" तिनं विचारलं.

"हो, आत्या."

"तारीख खोटी व्हती म्हणून?"

"हो."

 आत्यानं विचारलं, "तारीख मी खोटी सांगितली. ती चूक माजी. पन महादूनं वारसांची नावं लावायची बोलून अंगठा घेतलान, ते तर खरा हाय ना? त्याच्यावर जज्ज काय बोलला?"

पूर्वीच्या हातात अकरा पानं होती. तिला ती जवळजवळ पाठ होती.

"त्याच्यावर काही नाही."

"काही नाय म्हंजे? खोटा बोलला?"

"खोटं पण नाही म्हणाले. तो मुद्दा घेतलाच नाही."

"घेतलाच नाय," आत्या म्हणाली. "मंग येवढी दोन वर्सं तितं काय चाललेला?"

आतून भाडेकऱ्यांपैकी कोणीतरी शिफ्टला निघाला. डबा हातात घेऊन तो पडवीतून गेला. त्याला वाट द्यायला आत्यानं पाय जवळ घेतले.

"आणि आता जाऊन खरी तारीख सांगितली तर?"

"नाही, आत्या."

"बरा," आत्या म्हणाली, आणि पुन्हा काही विचारलं नाही.